ट्रॅक्टर नसल्याचा दाखला

प्रज्वल अनंता देसले एका परदेशी वकिलातीच्या मुंबईतल्या कचेरीत पॉलिसी ऑफिसर होता. कुठल्या देशाच्या, ते विचारू नका. आंबेमाळच्या साडेतीनशे माणसांनी आठ महिने विचारून पाहिलं, त्यांनाही त्यानं दाद दिली नाही. "गोपनीय आहे," एवढंच म्हणायचा, आणि चेहरा असा करायचा की विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटावं.

खरं सांगायचं तर गोपनीय बिपनीय काही नव्हतं. देशाचं नाव कचेरीच्या दारावर हातभर पितळी अक्षरांत होतं. समोरचा शहाळेवालासुद्धा ते बिनचूक उच्चारायचा. पण झालं काय, नोकरी लागली त्याच आठवड्यात प्रज्वल मुरबाडहून धसईच्या एसटीत बसला आणि मोठ्या अभिमानानं त्यानं ते नाव कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "हे औषध ना? आमच्या सासूबाईंना चालू होतं." मागच्या बाकावरच्या दोन बायका फिस्सकन हसल्या. त्या दिवसापासून देश गोपनीय झाला.

गावानं आपापल्या परीनं देश ठरवून टाकला. निम्मं गाव अमेरिका धरून चाललं, निम्मं रशिया. आई, म्हणजे पारूबाई, देवळात बायकांना सांगायची, "त्यांच्या राणीचा कागद याच्याच हातून जातो." राणी कुठून आली ते पारूबाईला ठाऊक. प्रत्यक्षात प्रज्वलचं काम असं की शासनाचे शेती-पाण्याबद्दलचे निर्णय वाचायचे, त्यांचा अर्थ लागला तर लावायचा, आणि नाही लागला तरी इंग्रजीत दोन पानी टिपण लिहून फर्स्ट सेक्रेटरी मॅडमच्या टेबलावर ठेवायचं. भाताच्या धोरणावरचं त्याचं टिपण कचेरीत फार गाजलं. ते त्यानं बापाला फोन करून लिहिलं होतं, पण ही गोष्ट मात्र खरोखरच गोपनीय होती.

आठ महिने सुखात गेले आणि नोकरी कायम करायची वेळ आली. त्याआधी उमेदवाराच्या मूळ गावी गुपचूप चौकशी करायची असा वकिलातीचा नियम. माणूस कसा आहे, घरचं काय आहे, तोंडाचा पक्का आहे की नाही. चौकशीचं कारण गावात सांगायचं नाही आणि उमेदवारानं त्या दिवशी तिकडे फिरकायचं नाही. प्रज्वलनं फॉर्म भरला: वय बत्तीस, जमीन अठ्ठावीस गुंठे, तीही चुलत्यासोबत सामाईक, वाहन नाही, व्यसन नाही. सही केली आणि निर्धास्त झाला. आपलं गाव आपल्याबद्दल वाईट बोलणार नाही याची त्याला खात्री होती. तिथंच तर सगळा घोटाळा होता.

आता आंबेमाळची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. पद्धत कळल्यावरही वेडेपणाचंच वाटतं, पण निदान शिस्तीतलं.

आमच्या भागात मुलीकडचा माणूस कधी 'मुलगा बघायला आलोय' असं म्हणत नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून एसटीतून उतरतो, टपरीवर चहा मागतो, पहिला घोट घेतो आणि सहज आठवल्यासारखं विचारतो, "अमक्यांचं घर कसं आहे हो?" एवढं झालं की ओळखायचं, सोयरीक आली. आंबेमाळात तिशी ओलांडलेली तेरा पोरं बिनलग्नाची. मुलींना शहरातली नोकरीही हवी, गावाकडे जमीनही हवी आणि सासू शक्यतो फोटोत हवी. अशात एका पोराबद्दल कुणी वाईट सांगून भांजी मारली तर अख्ख्या गावाचं नाव जातं आणि उरलेल्या बाराजणांच्या दारात कोणी पाय ठेवत नाही. म्हणून गावानं टपरीवर बसून ठरवलं होतं की आपल्या पोराबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, आणि चांगला काढायचा तर हात आखडायचा नाही. वय चार-सहा वर्षं कमी सांगायचं. जमीन अख्ख्या भावकीची मिळून सांगायची. पोरगा चहासुद्धा पीत नाही असं सांगायचं.

या सगळ्याचा कारभारी म्हणजे टपरीवाला चंदरकाका. पाहुणा बसला की काका चहा मुद्दाम दुसऱ्यांदा उकळायला ठेवायचा आणि लखमाला मिस्ड कॉल द्यायचा. मिस्ड कॉल आला की लखमा आपला लाल ट्रॅक्टर काढून ज्या पोराची चौकशी असेल त्याच्या अंगणात नेऊन उभा करायचा. त्या ट्रॅक्टरनं आतापर्यंत चार लग्नं जमवली होती. नांगरणी त्या मानानं कमी केली होती.

तर एका मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ टपरीवर उतरले. हे शहापूरचे फर्डे, निवृत्त हवालदार, आता एका खासगी संस्थेसाठी चौकश्या करायचे. समोरचा बोलेल ते अक्षरन् अक्षर वहीत उतरवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, ही त्यांची तीस वर्षांची सवय. त्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "देसल्यांचं घर कसं आहे हो? तो प्रज्वल?"

चंदरकाकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोराचं एकदाचं नशीब उघडलं! त्यानं मिस्ड कॉल दिला आणि मोकळा सुटला.

"घर? घर बोलताय तुमी? साहेब, बारा एकर जमीन हाय, नदीला लागून. ट्रॅक्टर दारात उभा हाय, बघून या."

"वय?"

"सव्वीस चालू हाय."

"व्यसन वगैरे?"

"चहा पीत नाय."

"नोकरीचं काय बोलतो? गावात काही सांगतो का तिकडचं?"

इथं चंदरकाकानं जरा विचार केला. मुलीकडच्यांना पोराचं वजन कळायला हवं. "अहो, त्या देशाचा सगळा कारभार याच्याच हातात! तिकडचा मोठा साहेब याला इचारल्याबिगर जेवत नाय. आमाला तर सगळं सांगतो. तुमाला आतलं काय पायजे असेल तर बोला, काढून देईल."

फर्ड्यांनी ते तस्सं लिहून घेतलं, ट्रॅक्टरचा फोटो काढला, चंदरकाकाशी हात मिळवला आणि गेले. टपरीवर त्या दिवशी सगळ्यांना चहा फुकट.

चौथ्या दिवशी फर्स्ट सेक्रेटरी मॅडमनी प्रज्वलला आत बोलावलं. बाई सरळ होत्या, शांत होत्या, आणि त्यांच्या समोर फर्ड्यांचा अहवाल होता.

"मिस्टर देसले, तुमच्या फॉर्ममध्ये वय बत्तीस आहे. गावात सव्वीस आहे. जमीन अठ्ठावीस गुंठे आहे. गावात बारा एकर आहे. वाहन नाही असं लिहिलंय." त्यांनी फोटो पुढे सरकवला. फोटोत प्रज्वलचं घर होतं, अंगण होतं, आणि अंगणात तुळशीला खेटून लखमाचा ट्रॅक्टर होता. "आणि आमचा मोठा साहेब म्हणजे कोण? ते तुम्हाला विचारल्याशिवाय का जेवत नाहीत?"

ही सगळी लग्नाची तयारी होती हे प्रज्वलला बघताक्षणी कळलं, पण ते इंग्रजीत सांगायला गेला तेव्हा मॅडमना एवढंच समजलं की त्याच्या गावात ट्रॅक्टर लग्न लावतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. दहा दिवसांत कागदपत्रांनिशी खुलासा करा, पुढच्या रविवारी पुन्हा चौकशी होईल, या वेळी मी स्वतः जाईन, आणि आतलं बाहेर सांगितल्याचं खरं निघालं तर नोकरी विसरा. असं स्वच्छ सांगितलं त्यांनी.

नोकरी गेली तर काय, हा विचार करत प्रज्वल रजा टाकून मुरबाडला आला. त्याच्या एकट्याच्या पोटाचा प्रश्न नव्हता हो. बत्तीस वर्षांत गावानं त्याला पहिल्यांदा 'साहेब' म्हटलं होतं. गावच्या लोकांनी त्याला वर चढवलं होतं, आणि आता त्यांनीच खालची शिडी काढून घेतली होती, तीही प्रेमानं.

सातबारा मिळाला. शाळेचा दाखला मिळाला. अडलं ते ट्रॅक्टरवर. तलाठ्यांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं. "जमीन असेल ती मी दाखवतो. ट्रॅक्टर नसलेला मी कुठून दाखवू?" ग्रामपंचायतीत सांगितलं, अशा नमुन्याचा फॉर्मच नाही. शेवटी तो स्टॅंडजवळच्या ई-सेवा केंद्रात गेला. तिथं काचेपलीकडे रुचिता बसायची. टोकावड्याहून रोज एसटीनं यायची आणि समोरच्या माणसाकडे न बघता त्याचं उत्पन्न, जात आणि वय बोटांनी बडवून काढायची.

"ट्रॅक्टर नसल्याचा दाखला पाहिजे," प्रज्वल म्हणाला.

तिची बोटं थांबली. "नसल्याचा?"

"हो."

"अहो, उद्या कोणी विमान नसल्याचा मागेल. त्यापेक्षा प्रतिज्ञापत्र करा. सांगा, मी टाईप करते. काय काय नाही तुमच्याकडे?"

प्रज्वल सांगत गेला. लाल अथवा अन्य कोणत्याही रंगाचा ट्रॅक्टर नाही. बारा एकर नाही. विहीर आहे, पण चुलत्याची अर्धी, आणि तिला पाणी मार्चपर्यंतच. वय सव्वीस नाही. घराला पुढून स्लॅब, मागून कौलं. चहा दिवसातून चारदा पितो. रुचितानं सगळं टाईप केलं, एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग तिला हसू आवरेना. "एवढा खरा बायोडेटा मी पहिल्यांदाच टाईप केला हो," ती म्हणाली.

प्रज्वलला ती आवडली. फार आवडली. आणि नेमकं अशा वेळी माणसाच्या हातात आपल्याकडे काय काय नाही याची शिक्का मारलेली यादी असावी, याला काय म्हणायचं? तो मान खाली घालून तिथून निघाला. जाताना तिनं विचारलं, "वकिलात कुठल्या देशाची?" सवयीनं तो म्हणाला, "गोपनीय आहे."

संध्याकाळी टपरीवर बैठक बसली. प्रज्वलनं आवाज चढवून विचारलं, "काका, माझ्याबद्दल कुणी विचारलं तर खरं सांगायला काय होतं तुम्हाला?"

चंदरकाका दुखावला. "खरं? खरं सांगितलं असतं तर माणूस चहा तरी पुरा प्यायला असता का रे?"

"ती सोयरीक नव्हती! वकिलातीची चौकशी होती!"

लखमा म्हणाला, "मंग त्याने तसं बोलायचं ना. इस्त्रीचा शर्ट घालून कशाला आला?"

बराच वेळ समजुती घातल्यावर ठरलं की रविवारी मॅडम येतील तेव्हा गावानं खरं आणि फक्त खरं बोलायचं. चंदरकाकानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. पण त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. एवढी वर्षं कमावलेली विद्या सोडायची म्हणजे माणसाला लागतंच.

रविवारी प्रज्वलनं गावात असायचं नव्हतं. म्हणून तो टपरीमागच्या बंद भातगिरणीत कोंड्याच्या पोत्यांमागे बसला आणि फळीच्या फटीतून बघू लागला. साडेदहाला वकिलातीची निळ्या नंबरपाटीची गाडी आली. पुढून फर्डे उतरले, मागून मॅडम. मॅडमनी उन्हाची टोपी घातली होती आणि त्यांना टपरीवरचं सगळ्यात चांगलं स्टूल देण्यात आलं, ज्याचे चारही पाय होते.

आणि पहिल्याच मिनिटाला घात झाला. गाडीतून बाई उतरली, म्हणजे मुलीकडच्या बायका आल्या, म्हणजे सोयरीक जवळपास ठरली, हे लखमाच्या रक्तात भिनलेलं. शपथ बिपथ तो विसरला. धडधड धडधड करत लाल ट्रॅक्टर वळणावरून आला आणि देसल्यांच्या अंगणाकडे वळला.

"अरे मागं घे! मागं घे, येड्या!" चंदरकाका ओरडला.

लखमाला आठवलं. त्यानं घाबरून ट्रॅक्टर मागं घेतला, तो सरळ गटारात. मागचं चाक आत, पुढचं नांगी उगारल्यासारखं वर, आणि हे सगळं मॅडमच्या स्टुलापासून दहा हातांवर. कोंड्यात प्रज्वलनं कपाळाला हात लावला. आता संपलंच. आता गावात भाजी विकायची आणि कंडक्टरची चेष्टा ऐकायची.

मॅडमनी फर्ड्यांना काहीतरी विचारलं. फर्डे म्हणाले, "त्या विचारतायत, हा ट्रॅक्टर कुणाचा? आणि तो सारखा याच घराकडे का जातो?"

चंदरकाका उभा राहिला. गळ्यातला पंचा काढून त्यानं हातात धरला.

"साहेब, बाईंना सांगा, आमी खोटं बोललो. आमाला वाटलं तुमी मुलीकडचे. आमच्या गावात तेरा पोरं हायत लग्नाची. चांगली हायत ओ, पण कुणी इचारीत नाय. म्हणून आमी वाढवून सांगतो. ट्रॅक्टर लखमाचा. जमीन अठ्ठावीस गुंठे, ती पण अर्धी. वय बत्तीस. घोरतो. पोहायला येत नाय. आता मारा नायतर सोडा, पण पोराची नोकरी घेऊ नका. त्याचा काय गुन्हा नाय."

फर्डे भाषांतर करत होते आणि लिहीतही होते. मॅडमनी गटारातल्या ट्रॅक्टरकडे एकदा पाहिलं. मग एकच प्रश्न आला. "आणि आतल्या गोष्टी? तुम्ही म्हणाला होतात, तो सगळं सांगतो."

तेवढ्यात पारूबाई गर्दीतून पुढे आली. तिनं मॅडमपुढे हात नाचवत इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं.

"हा सांगतो? अगो बाई, मी याची आई! आठ महिने इचारते, कुठल्या देशाच्या हापिसात हायस रे? बोलतो गोपनीय. साहेब गोरा की काळा? गोपनीय. डब्यात भाजी कसली नेलीस? ते पण गोपनीय! देवळात बायका इचारतात, मी राणी बोलून येळ मारून नेते. राणी हाय का तुमच्याकडं?"

फर्ड्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी पुन्हा विचारलं, "देशाचं नावसुद्धा सांगितलं नाही?"

"नाय!" साऱ्या टपरीनं एका आवाजात सांगितलं. अमेरिकावाले आणि रशियावाले या एका बाबतीत एक झाले.

मॅडमनी टोपी काढली आणि त्या मोठ्यानं हसल्या. फर्ड्यांनी त्यांचं बोलणं मराठीत केलं: "बाई म्हणतायत, गुपित राखणारी माणसं त्यांनी खूप पाहिली. पण जे गुपित नाही तेही आईपासून राखणारा माणूस पहिल्यांदाच बघितला." मग मॅडमनी चहा पुरा प्यायला, ट्रॅक्टर काढायला जमलेल्या लोकांचा फोटो घेतला आणि राणी नसल्याचं पारूबाईला स्वतः सांगितलं. पारूबाईला जरा वाईट वाटलं.

गाडी गेल्यावर प्रज्वल कोंड्यातून पांढराफटक होऊन बाहेर आला. आईला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "आधी आंघोळ कर." पुढच्या आठवड्यात नोकरी कायम झाल्याचं पत्र मिळालं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पंधरा दिवसांनी चंदरकाकाचा फोन आला. आवाजात नुसता अभिमान.

"प्रज्वल, तुझ्या हापिसातला आणखी एक माणूस आलेला. यावेळी लखमा घरातच बसला, हलला पण नाय. सगळं खरं खरं सांगितलं. अठ्ठावीस गुंठे सांगितले, मार्चात विहीर आटते ते सांगितलं, घोरतोस ते तर दोनदा सांगितलं!"

"काका," प्रज्वल हळूच म्हणाला, "आता हापिसातून कुणी यायचं नव्हतं. शर्ट कसला होता?"

"इस्त्रीचा. टोकावड्याचा हाय बोलला."

प्रज्वल खुर्चीत बसला होता तो आणखी खाली बसला. टोकावडे! म्हणजे रुचिताचं गाव! गावानं चार लग्नं खोटं बोलून जमवली, आणि खरं बोलायला शिकलं ते नेमकं याच्या वेळी. त्या दिवशी त्यानं ऊस धोरणाच्या टिपणात एक अख्खं पान कापसाबद्दल लिहिलं.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रुचिता बोलतेय. ई-सेवा केंद्र. आमचा मामा तुमच्या गावाला गेलेला."

"कळलं मला," प्रज्वल म्हणाला. "सॉरी हो. म्हणजे ते सगळं खरंच आहे."

"माहीत आहे. टाईप कोणी केलं? मामानं सांगितलेलं आणि मी टाईप केलेलं ताडून बघितलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाय. घोरण्याचं तेवढं तुम्ही लपवलंत." ती थांबली. "मामा बोलला, चाळीस गावं फिरलो, एवढं खरं बोलणारं गाव बघितलं नाय, पोरगी इथंच द्यायची. माझी पण ना नाय. पण आईला सांगत नाय तो बायकोला काय सांगेल, असं आमची आई बोलते. तर देश कुठला तेवढं सांगा."

प्रज्वलनं डोळे मिटले. कंडक्टर दिसला, त्याची सासू दिसली, मागच्या बाकावरच्या बायका दिसल्या. मग त्यानं घसा साफ केला आणि ते नाव सांगितलं.

पलीकडे बोटांनी ते नाव बडवल्याचा आवाज आला. "बरं," रुचिता म्हणाली. "छान आहे."

संध्याकाळी पारूबाईचा फोन आला. सोयरीक पक्की झाली म्हणून ती आधी रडली, मग हसली, मग एकदम गप्प झाली.

"काय गो आई?"

"काय नाय रे. तो मामा आलेला. त्यानं मोबाइलवर तुझा तो देश काढून दाखवला." तिनं आवाज खाली केला. "एवढासाच? माझ्या करंगळीखाली झाकला रे अख्खा."

प्रज्वलच्या जिवाला फार लागलं. "आई, लहान असला तरी स्वतंत्र देश आहे. त्यांचा स्वतःचा झेंडा आहे."

"असू दे, असू दे," पारूबाई समजुतीनं म्हणाली. "वाईट नको वाटून घेऊस. चंदरभावजी इथंच बसलेत. बोलतात, देशाचं इचारायला कोणी आलं तर आमी वाढवून सांगू."